आपलं स्टूल आपण न्यायचं

एनेलेसी मसुक्वा यांनी आमच्या विद्यापीठात एकोणीस वर्षे माहिती प्रणाली हा विषय शिकवला, आणि तेवढ्या काळात त्यांच्या तोंडी परीक्षेतला पहिला प्रश्न कधी बदलला नाही. विद्यार्थी समोर आला की त्याच्या वहीतून मान वर न करता त्या विचारत, "कुठं बसला होतास?" पुढचे सगळे गुण या एका उत्तरावर ठरतात, हे मुलांना ठाऊक असे.

आमच्याकडे पाहुणा आला की घरातली एकमेव खुर्ची त्याला देतात आणि घरचे चटईवर बसतात. दवाखान्यातला नोंदणी कारकूनही तेच करतो. विद्यापीठातून कोणी आले की तो आपली खुर्ची देतो, स्वतः उभा राहतो, आणि उभ्या उभ्या आपले काम दाखवतो. एनेलेसीबाई म्हणत, "दाखवलेलं काम हे काम नव्हे. खुर्चीवर बसलात की तुम्ही पाहुणे. पाहुण्याला घरातलं भांडण ऐकू येत नाही." म्हणून तिसऱ्या वर्षाच्या प्रणाली विश्लेषणाच्या वर्गातला प्रत्येक विद्यार्थी आपापले लाकडी, बुटके स्टूल घेऊन दोन आठवडे एकेका आरोग्य केंद्रात जाई. नियम तीनच होते. कारकुनाच्या खुर्चीपेक्षा खाली बसायचे. पहिले पाच दिवस एकही प्रश्न विचारायचा नाही, फक्त तो करतो ते काम करायचे, रेघा मारायच्या, रुग्णांच्या पुस्तिका शोधायच्या, नावे लिहायची. आणि काही द्यायचे नाही, साबणसुद्धा नाही.

साबणाचे कारण असे की आमच्या जिल्ह्यात संशोधक प्रश्नावली भरून घेतात तेव्हा उत्तर देणाऱ्याला साबणाची वडी देतात. तो रिवाजच झाला आहे. एनेलेसीबाईंना त्याची चीड होती. "साबण घेतलेला माणूस खोटं बोलत नाही," त्या म्हणत. "तो तुम्हाला आवडेल ते बोलतो. खोटं पकडता येतं, हे पकडता येत नाही."

हा उपक्रम कसा बंद पाडला गेला आणि त्याची किंमत कोणी मोजली, ते मला लिहायचे आहे. मी त्याच विभागात संख्याशास्त्र शिकवतो. जे सांगणार आहे त्यातली आकडेमोड माझी होती, आणि ती बिनचूक होती.

एनेलेसीबाईंचे वडील उत्तरेकडच्या एका आरोग्य केंद्रात कारकून होते. सरकारने पाठवलेल्या नोंदवहीत उपचार झालेल्यांसाठी नऊ रकाने होते. वडील उजव्या कडेला पेन्सिलीने दहावा रकाना आखत आणि औषध संपल्यामुळे रिकाम्या हाताने परत गेलेल्यांची नावे त्यात लिहीत. तपासनीस यायच्या आदल्या दिवशी तो रकाना खोडरबराने पुसत. नोकरीच्या अखेरीस त्यांना चोख नोंदींसाठी प्रशस्तिपत्र मिळाले. ते घराच्या भिंतीवर होते, आणि त्याकडे पाहून ते हसत. एनेलेसीबाई गणित शिकल्या, पुढे परदेशात माहिती प्रणाली शिकून आल्या, पण त्यांचे सगळे शास्त्र त्या दहाव्या रकान्यातून निघाले होते. एखाद्या प्रणालीने काय नोंदले हे कोणालाही वाचता येते. ते नोंदवताना काय पुसावे लागले, हे जाणून घेण्यासाठी पुसणाऱ्याच्या शेजारी बसावे लागते.

डॉक्टरेट त्यांनी केली नाही. वर्षाला नव्वद मुले आणि नव्वद निळ्या वह्या. प्रत्येक वही त्या दोनदा वाचत, समासात पेन्सिलीने उत्तर लिहीत, आणि वर्ष संपले की कपाटात ठेवत. सोळाशेवर वह्या जमल्या होत्या. या जिल्ह्यातल्या आरोग्य केंद्रांचे एवढे बारकाईचे वर्णन जगात दुसरीकडे कुठेही नव्हते, पण विद्यापीठाच्या लेखी त्या कपाटात फक्त गृहपाठ होता. बढतीच्या अर्जात संशोधनाला साठ गुण आणि अध्यापनाला वीस. हे वीस सगळ्यांना सारखेच मिळत, कारण अध्यापन तपासायचे तर कोणाला तरी वर्गात जाऊन बसावे लागले असते. तीनदा त्यांचा अर्ज परत आला. शेरा एकच होता, "संशोधन नाही."

मुलांना मात्र या दोन आठवड्यांची मजा वाटे. मिनीबसमध्ये स्टुले घेऊन चढणाऱ्या पोरापोरींना पाहून कंडक्टर म्हणत, "लग्नाला निघालात की भांडायला? बसायचं सामान बरोबर घेऊन?" स्टुलाचे निम्मे भाडे मागितले जाई आणि त्यावरून घाटभर वाद चाले. वरच्या वर्गातली मुले आपले स्टूल खालच्या वर्गाला देऊन जात. काही स्टुलांच्या खाली सहा-सात नावे कोरलेली होती.

उलुंजी काफाले ही त्यांतली एक विद्यार्थिनी. ती चिकोले आरोग्य केंद्रात बसली. तिथले नोंदणी कारकून स्केवा नामालोंबा, पन्नाशीचे, सडपातळ, शर्टाची वरची गुंडी कायम लावलेले. सगळे त्यांना मानाने बाम्बो, म्हणजे बाबा, म्हणत. चौथ्या दिवशी एनेलेसीबाई पाहायला गेल्या तेव्हा त्यांनी बाईंना बाजूला घेतले.

"मॅडम, तुमची मुलगी बरी आहे ना?"

"का हो, बाम्बो स्केवा?"

"प्रश्नच विचारत नाही. विद्यापीठातलं माणूस आणि प्रश्न नाही. मला वाटलं ताप आलाय."

"उद्यापर्यंत सोसा. परवापासून तुम्हीच म्हणाल, गप्प बस."

सहाव्या दिवशी उलुंजीने विचारले, आणि स्केवांनी काम न थांबवता सांगितले. संगणकावर रुग्णाची नोंद करताना गाव निवडावे लागते. यादीत या केंद्राची तेवीस गावे आहेत, बाहेरचे गाव नाही, आणि गाव निवडल्याशिवाय नोंद जतन होत नाही. पण एचआयव्हीच्या गोळ्या घ्यायला येणाऱ्या बायकांपैकी पुष्कळ जणी नदीपलीकडून येतात. आपल्या गावच्या दवाखान्याच्या बाकावर आपल्याला कोणी बघू नये म्हणून त्या पहाटे निघून तीन तास चालतात. त्या गाव सांगत नाहीत, आणि सांगितले तरी ते यादीत नसते.

"मग तुम्ही काय करता?"

"यादीतलं पहिलं नाव दाबतो. आमोसी. बाहेर चाळीस जणी बसल्यात, पोरी. पुस्तिका काढ."

उलुंजीने वहीत हिशेब मांडला होता. आमोसी चाळीस घरांचे गाव. संगणकात तिथले एचआयव्हीचे तीनशे बारा रुग्ण. तिने आमोसीला जाऊन घरे मोजली होती. एनेलेसीबाईंनी समासात लिहिले, "हे तुझं संशोधन आहे. घट्ट धर." एवढी मोठी शाबासकी त्यांनी कोणाला दिल्याचे मी पाहिले नाही.

ती वही घेऊन त्या विभागप्रमुख विंडसन कालोंगा यांच्याकडे गेल्या. प्राध्यापक कालोंगा आमचे नावाजलेले संशोधक. परदेशी अनुदानाचा मोठा प्रकल्प त्यांच्याकडे होता आणि याच संगणकांतली माहिती ते वापरणार होते. त्यांनी वही चाळली.

"चांगली आहे. अक्षर सुरेख आहे मुलीचं."

"सर, आकडे चुकीचे आहेत. तुमचेही चुकतील."

"एनेलेसी, एका विद्यार्थिनीनं एका कारकुनाशी मारलेल्या गप्पा म्हणजे पुरावा नव्हे. माझ्याकडे सदतीस केंद्रांची माहिती आहे, चारशे कर्मचाऱ्यांच्या प्रश्नावल्या आहेत."

"त्यात गावाची यादी अपुरी आहे का, असा प्रश्न आहे?"

"ते आम्हाला सुचायचं काय कारण?"

"तेच म्हणतेय. सुचलं नाही, कारण खुर्चीवर बसलात."

कालोंगा हसले. ते वाईट मनाचे नव्हते, आणि मला जास्त राग त्याचाच येतो. वाईट माणसाला अडवता येते. ज्याच्या बाजूने नियम, अनुदान आणि सौजन्य अशी तिन्ही असतात, त्याला कोण अडवणार?

तीन वर्षांनी त्यांचा निबंध छापून आला. त्यात नकाशा होता, आणि नकाशावर एक लाल ठिपका. त्या ठिपक्याची सांख्यिकीय खात्री मी करून दिली होती. वहीबद्दल मला माहीत होते. माझ्यापुढे वही नव्हती, फक्त आकड्यांचा तक्ता होता, अशी मी माझी समजूत घातली. निबंधात गावाचे नाव छापले नव्हते, याचा नीतिनियमांच्या परिच्छेदात अभिमानाने उल्लेख होता. पण निबंधाच्या शिफारशीनुसार आरोग्य मोहीम निघाली, आणि कर्णे लावलेली पांढरी गाडी लागोपाठ तीन शनिवारी एकाच गावात गेली. तपासणीला या, लाजू नका, असे ती मोठ्याने सांगत होती. आजूबाजूच्या बावीस गावांना आणखी काय सांगायला हवे होते?

आमोसीच्या बायका हमरस्त्याच्या कडेला परातींत टोमॅटोचे ढीग मांडून बसतात. त्या हंगामात मिनीबस तिथे थांबेनाशा झाल्या. थांबल्या तरी आतून कोणी म्हणे, "पुढं चला, इथले नकोत." दोन ठरलेली लग्ने मोडली. मुखियाच्या बायकोने परात घरी नेली ती पुन्हा बाहेर काढली नाही. गाडीतल्या लोकांनी मात्र अहवालात लिहिले की ग्रामस्थांचा प्रतिसाद थंड असून जाणीवजागृतीची गरज आहे.

त्याच वर्षी अभ्यास मंडळापुढे प्रस्ताव आला. प्रणाली विश्लेषणातले दोन आठवडे रद्द करावेत, आणि त्याऐवजी विद्यार्थ्यांनी प्रकल्पाच्या तयार माहितीवर वर्गात काम करावे, म्हणजे अध्यापन आणि संशोधन यांची सांगड घातली जाईल. ही सांगड एकोणीस वर्षे घातलेली होती, फक्त तिची गाठ कालोंगांच्या हातात नव्हती. प्रस्तावात हे कुठेच नव्हते.

एनेलेसीबाईंनी भाषण केले नाही. त्यांनी नोंदणी प्रणालीची सरावाची प्रत पडद्यावर लावली आणि संगणक कालोंगांपुढे ठेवला.

"सर, तुम्ही स्केवा. मी बाई. बाहेर बाकावर आणखी चाळीस जणी आहेत."

"ठीक आहे." कालोंगांनी हसून बाह्या सावरल्या. "नाव?"

"एनेलेसी."

"गाव?"

"नदीपलीकडचं."

"पलीकडचं कुठलं?"

"ते सांगायचं असतं तर तिथल्याच दवाखान्यात गेले नसते का?"

सगळे हसले. कालोंगांनी रकाना रिकामा ठेवून बटण दाबले. लाल ओळ उमटली. पुन्हा दाबले, पुन्हा लाल. त्यांनी यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. "इतर असं काही नाही का?"

"नाही, सर."

"मग हिला परत पाठवावं लागेल."

"पाठवा. कालच तिच्या गोळ्या संपल्यात."

इतिहासाचे एक वयस्क प्राध्यापक मागून म्हणाले, "प्रोफेसर, रांग खोळंबलीय. मलाही जेवायला जायचंय."

पुन्हा हशा झाला. कालोंगांनी यादीतले पहिले नाव दाबले, आणि नोंद जतन झाली. पडद्यावर मोठ्या अक्षरांत उमटले, आमोसी. हशा तिथेच थांबला. त्या खोलीतल्या प्रत्येकाला समजले होते, हे मी शपथेवर सांगू शकतो. न समजल्यामुळे जे होते ते अज्ञान. पुढे जे झाले त्याला मी अज्ञान म्हणणार नाही.

अधिष्ठात्यांनी चष्मा पुसला. "फारच उद्बोधक, मसुक्वा मॅडम. यावर तुम्ही शोधनिबंध लिहायला हवा. आता प्रस्तावाकडे वळू."

सहा विरुद्ध पाच मतांनी उपक्रम बंद झाला. त्या सहा हातांत माझा हात होता. माझ्या बढतीची फाईल कालोंगांच्या शिफारशीसाठी अडून होती. हात वर करताना मात्र मी नव्वद विद्यार्थी, वाहनांची अडचण आणि वेळापत्रक यांचाच विचार करत होतो, आणि ते विचारही खरे होते.

बाहेर व्हरांड्यात कालोंगांनी त्यांना गाठले. मी मागेच होतो.

"मॅडम, राग धरू नका. आपण एकत्र लिहू. पहिलं नाव माझं, दुसरं तुमचं. वर्षभरात तुम्ही वरिष्ठ व्याख्याता."

"आणि बाम्बो स्केवा?"

"आभारात घेऊ की."

"उलुंजी?"

"ती तर माझ्याच प्रकल्पात आली, गेल्या महिन्यापासून. दोन वर्षं घरी बसली होती बिचारी. तिची वही आठवली मला."

एनेलेसीबाईंनी विचारले, "आणि आमोसीत गाडी परत कोण पाठवणार? या वेळी चूक झाली म्हणून सांगायला?"

"ते मोहिमेचं काम. आपण संशोधक."

"तुम्ही संशोधक," त्या म्हणाल्या. "मी शिकवते." आणि निघून गेल्या. कालोंगा माझ्याकडे वळून म्हणाले, "हट्टी आहे. पण चांगली बाई आहे."

सुट्टी लागली तेव्हा पाठवायला विद्यार्थी नव्हते. एनेलेसीबाई स्वतःच कपाटाशेजारचे एक स्टूल घेऊन मिनीबसमध्ये चढल्या आणि चिकोलेला जाऊन बसल्या. वय अठ्ठेचाळीस, गुडघे दुखरे, स्टूल वीतभर उंचीचे. पाच दिवस त्यांनी पुस्तिका काढल्या आणि रेघा मारल्या. प्रश्न विचारला नाही, स्वतःचा नियम स्वतःलाही लागू होता. पण नदीपलीकडच्या बायका आल्या की स्केवा आता पहिले नाव दाबत नव्हते, हे त्यांच्या पहिल्याच दिवशी ध्यानात आले होते. यादीवर बोट फिरे, कधी मधे थांबे, कधी तळाशी. शेजारी कागदाच्या कपट्यावर खुणा होत.

सहाव्या दिवशी त्यांनी विचारले.

"हे काय, बाम्बो?"

स्केवांनी कपटा लपवला नाही. "आमोसीच्या लोकांचं माझ्यामुळं वाटोळं झालं, मॅडम. मुखियाची बायको माझ्या चुलतीची मुलगी. ती माझ्याशी बोलत नाही. म्हणून आता मी वाटून टाकतो. आज या गावाला एक, उद्या त्या गावाला एक. तेवीस गावं, सगळ्यांना सारखं. कपट्यावर खूण करतो, कुणावर अन्याय नको. एकाच गावाच्या डोक्यावर किती ओझं टाकायचं?"

"आमोसी?"

"त्यालाही एक देतो. एकदम शून्य केलं तर बाकीचे म्हणतील, ते नातलगांचं गाव."

त्या रडल्या नाहीत, हसल्याही नाहीत. मला त्यांनी नंतर एवढेच सांगितले, "या सगळ्या प्रकरणात न्यायानं वागलेला तो एकटाच माणूस आहे. आणि त्याच्या हातून काय होणार आहे ते मला दिसत होतं."

ते त्याच्या पुढच्याच आठवड्यात झाले. विभागाच्या चर्चासत्रात प्रकल्पाचे नवे निष्कर्ष मांडले गेले. उलुंजीने मांडले. नवा सूट, आवाज स्वच्छ. पडद्यावर दोन नकाशे होते. पहिल्यावर एक लाल ठिपका, दुसऱ्यावर तेवीस फिके ठिपके. रोग आमोसीतून सर्व गावांत समान प्रमाणात पसरला आहे, असे ती म्हणाली. मोहिमेच्या गाड्या या वेळी सगळ्या गावांत जातील, सोमवारी निघतील. टाळ्या वाजल्या. कालोंगा पहिल्या रांगेत समाधानाने मान हलवत होते.

एनेलेसीबाई शेवटच्या रांगेतून उठल्या.

"उलुंजी, चिकोलेत कुठं बसली होतीस?"

त्या मुलीच्या हातातला कागद खाली आला. तिने कालोंगांकडे पाहिले नाही, पडद्याकडेही नाही.

"खुर्चीवर, मॅडम."

"का गं?"

"त्यांनी दिली. प्रकल्पाची गाडी होती बरोबर, एका दिवसात चार केंद्रं करायची होती." मग अगदी हळू, "साबणही दिला."

"बाम्बो स्केवाला तू ओळखतेस. त्याला विचारलंस, तो आता कुठलं नाव दाबतो?"

"फॉर्ममध्ये तो प्रश्न नव्हता."

"फॉर्म कुणी केला?"

उलुंजीचे डोळे भरले होते. एनेलेसीबाईंचा आवाज तिच्यावर चढला नाही, तो राग तिच्यासाठी नव्हता. "गाड्या सोमवारी निघतायत," त्या म्हणाल्या. "आज शुक्रवार. स्टूल माझ्या खोलीत आहे. चिकोलेला जा, त्याच्या खाली बस, आणि विचार. तो दोन मिनिटांत सांगेल. मला सांगितलंय. पण माझं सांगणं इथं पुरावा धरत नाहीत. तुझं धरतील."

उलुंजी कालोंगांकडे पाहत राहिली. सभागृहही त्यांच्याकडे पाहत राहिले. त्यांनी घड्याळ पाहिले.

"पुढचा प्रश्न," ते म्हणाले.

पुढे माझा हात वर होता. मी नमुन्याच्या आकाराबद्दल विचारले. उलुंजीने नीट उत्तर दिले.

सोमवारी गाड्या वेळेवर निघाल्या.